उणिवेचा रकाना

मिआओ श्याचन यांच्या घरात एकही फूल नाही. पहिल्या भेटीनंतर मी हे टिपून ठेवले. पण एका भेटीवरून असे विधान करणे बरे नव्हे, म्हणून पुढच्या तीन भेटींत मुद्दाम पाहत राहिले. चादर करडी, पडदे करडे, वाट्या कोऱ्या पांढऱ्या. थर्मासवर मुळात कमळांची जोडी छापलेली होती. ती बाईंनी भांडी घासायच्या तारेने खरवडून काढली आहे. देठांचे हिरवट ओरखडे मात्र अजून दिसतात. आणि याच बाई सव्वीस वर्षे शीज्याच्वांगच्या पूर्व भागातल्या छपाई-रंगाईच्या गिरणीत होत्या, जिथे लग्नाच्या गाद्यांसाठी टोपलीएवढ्या पिओनी फुलांच्या चादरी निघत.

आमच्याकडे भडक, नटव्या, नको तितक्या सजवलेल्या गोष्टीला ‘ह्वाशाओ’ म्हणतात. त्यात तिरस्कार मिसळायचा असला की तोच शब्द लांबवून ‘ह्वालिहूशाओ’ होतो. पहिला शब्द सून सासूच्या रुमालाबद्दल हसत वापरू शकते. दुसरा सहसा कुणी हसत वापरत नाही. १९७४ च्या वसंतात गिरणीच्या कामगार विभागाच्या खिडकीतून हा दुसरा शब्द मिआओबाईंच्या अंगावर आला. त्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या.

तो प्रसंग त्यांनी मला चार वेळा सांगितला. मी चारही कथने शेजारी ठेवून पाहिली. फरक फक्त खिडकीच्या रंगात आहे.

“डिझाइन खात्यात एक जागा निघाली होती,” त्या सांगतात. “नावं दोघींची होती. माझं आणि या समोरच्या दारातल्या थाओ युनशूचं. धुलाई खात्याचा फळा आम्ही दोघीच रंगवायचो. अक्षरं तिची, चित्रं माझी. हात कुणाचा चांगला, ते गिरणीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. यादी लागली तर नाव तिचं! मी खिडकीशी गेले. म्हटलं, का? तर तो माणूस म्हणतो, ‘तुझ्या फाइलीत लिहिलंय, वागणूक ह्वालिहूशाओ. चादरी भडक होतात म्हणून डिझाइन खात्यावर आधीच ठपका आलाय, त्यात असली बाई कुठं घेतात?’ आणि धाडकन खिडकी लावली.”

“तुम्ही तेव्हा भडक राहत होता का, मावशी?”

“भडक! निळा कोट, निळी पँट, रबरी बूट. एक कॉलर होती, शिवलेली. नुसती कॉलर, खाली सदरा नाही. तेव्हा सगळ्याच तशा घालायच्या, कापड वाचायचं. माझी छापील तुकड्याची होती. कोटातून दिसायची किती? दोन बोटं. आणि ती दोन बोटं फाइलीत कुणी नेऊन घातली? आमच्या गटात नोंदी कोण लिहायचं? विचार ना.”

विचारायची गरज नव्हती. नोंदी थाओ युनशू लिहीत.

त्या वसंतानंतर थाओबाई तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या उजेडात, जलरंगाच्या बश्या मांडून बसू लागल्या. मिआओबाई धुलाई खात्यातच राहिल्या. छापून आलेले कापड पाण्यातून खेळवायचे, जादा रंग काढून टाकायचा आणि वाळवणीकडे ढकलायचे, हे त्यांचे काम. हिवाळ्यात बोटे भेगाळत, उन्हाळ्यात पायांना चिखल्या होत. लग्न बॉयलरवरच्या माणसाशी झाले. तो अकरा वर्षांपूर्वी गेला. मुलगा थ्येनचिनला असतो. गिरणी बंद पडल्यावर वसाहतीतली घरे कामगारांच्या नावावर झाली, आणि चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा एकाच मजल्यावरची समोरासमोरची दोन घरे या दोघींना आली. मिआओबाईंना त्या चिठ्ठ्यांचाही संशय आहे.

दोघींचे भांडण मात्र कधी झाले नाही. नोव्हेंबरात त्या मिळून हिवाळ्याच्या कोबीचे गड्डे विकत घेतात आणि जिन्यातल्या भिंतीशी रचतात. पण मिआओबाईंच्या गड्ड्यांच्या देठांना पांढरा दोरा बांधलेला असतो. थाओबाई दार वाजवतात ते सलग तीन वेळा, वीस वर्षे तसेच, तरी आतून “कोण?” येतेच. जादा किल्ली समोर न देता दोन मजले खाली दिलेली आहे. तिळाच्या पोळ्या आल्या तर घेतात, पण थाओबाईंनी आधी एक खाल्ल्यावर.

संशयाच्या बाबतीत मीही सुटले नाही. दुसऱ्याच भेटीत त्यांनी विचारले, “तुझं आडनाव यान. त्या खिडकीतल्या माणसाचंही यानच होतं.”

“मी थांगशानची, मावशी.”

“तोही कुठून तरी आलाच असणार की.”

मी जिल्ह्याच्या अभिलेखागारात गिरणीच्या कागदांची सूची करते, आणि जुन्या कामगारांकडून खात्यांची कामे समजून घेते, एवढ्यासाठीच त्यांच्याकडे जात होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या कामाला वेगळेच वळण लागले. थाओबाईंची मुलगी त्यांना कायमचे श्यामनला न्यायला येणार असे ठरले. येत्या मंगळवारी. घर भाड्याने जाणार होते.

त्या दिवशी मिआओबाईंनी चहा न देताच मला खाली बसवले. “तू कागदवाली आहेस. शोध. मंगळवारच्या आत. तिनं माझ्यावर ते लिहिलं की नाही, मला हातात पाहिजे. लिहिलं असेल, तर जिन्यात उभी राहून निरोपसुद्धा देणार नाही मी. दार लावून बसेन. ऐंशीला टेकलीय ती, पोरी, परत कुठली येतेय!”

“आणि नसेल लिहिलं तर?”

त्यांनी थर्मासचे बूच काढून पुन्हा लावले.

इथे एक अडचण होती, ती मी त्यांना स्पष्ट सांगितली. माणसाची फाइल जन्मभर त्याच्या मागे फिरते, पण ती पाहण्याचा हक्क त्यालाच नसतो. मिआओबाईंची फाइल गिरणी बंद झाल्यावर दुसऱ्या कार्यालयात गेली. मला तिथे प्रवेश नाही. आमच्याकडे आल्या आहेत त्या खात्यांच्या बैठकांच्या वह्या. एकतीस पोती. त्या आता कुणालाही पाहता येतात. फाइलीत काय आहे ते त्यांतून सिद्ध होणार नाही. फार तर ते तिथे कोणत्या वाटेने गेले असेल, एवढे दिसेल.

“वाट दिसली तरी चोर कळतो,” मिआओबाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी तेविसाव्या पोत्यात धुलाई खात्याच्या तिसऱ्या गटाची १९७३ ची वही मिळाली. लाल प्लास्टिकचे आवरण, गंजलेल्या टाचण्या, शेवटची चार पाने ओल लागून चिकटलेली. एकोणीस डिसेंबरला वर्षअखेरचे मूल्यमापन झाले होते.

या मूल्यमापनाची रीत गिरणीत सगळ्यांना पाठ होती. गटातल्या अकराजणी कामानंतर गोल करून बसायच्या. प्रत्येकीचे गुण इतरांनी सांगायचे. उणीव मात्र जिची तिने स्वतः सांगायची. तो रकाना रिकामा ठेवायचा नसे. उणीव नाही असे म्हणणे हीच मोठी उणीव ठरे. म्हणून शहाणी माणसे एखादी किरकोळ, निरुपद्रवी उणीव आधीच शोधून ठेवत. सर्वांत सोयीची होती ‘राजकीय अभ्यास अपुरा’. नोंदी लिहिणारीने स्वतःची नोंद स्वतः लिहू नये, असाही दंडक होता. तिची नोंद शेजारी बसलेली लिहायची.

मी तीन प्रती काढल्या. दोन वहीच्या पानांच्या, तिसरी खात्याच्या गोषवाऱ्याची, जो पातळ कागदावर कार्बन घालून टंकलेला होता. तिन्हींवर अभिलेखागाराचा शिक्का घेतला आणि शनिवारी सकाळी मिआओबाईंकडे गेले.

त्यांनी आधी शिक्का उजेडात धरला. “खरा कशावरून?”

“मीच मारून घेतलाय, मावशी.”

“म्हणूनच विचारत्ये.”

मग त्यांनी पहिले पान वाचायला घेतले. ‘आठवी: मिआओ श्याचन. गुण: कष्टाळू, ओल्या कामाला मागे हटत नाही. उणीव: पेहरावात थोडीशी ह्वाशाओ (कॉलर).’ शेजारी सहीऐवजी त्यांच्या नावाच्या शिक्क्याचा लाल ठसा.

“हे तिचं अक्षर,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. “आंधळीलाही ओळखू येईल. पन्नास वर्षं मी म्हणत होते, आता निघालं ना?” आणि उठल्या.

“थांबा. याच पानावर वर वाचा. सातव्या नोंदीच्या आधी.”

तिथे लिहिले होते: ‘गटप्रमुख पांग यांची सूचना: अभ्यास अपुरा, ही उणीव सहाजणींनी सांगून झाली आहे. यापुढे ती स्वीकारली जाणार नाही. दुसरी शोधावी.’

“मग?”

“मग तुम्ही आठव्या होता. तुम्हाला दुसरी शोधावी लागली असेल. आणि इथे ‘पेहरावात’ आहे, ‘थोडीशी’ आहे. खिडकीतला शब्द इथे नाही. तो या गोषवाऱ्यात आहे.” मी पातळ कागद पुढे केला. खात्याच्या कारकुनाने नऊ गटांतल्या शंभर माणसांना दोन पानांत बसवले होते. वाट्याला प्रत्येकी एक ओळ. ‘मिआओ: वागणूक ह्वालिहूशाओ.’ कॉलर गेली होती, पेहराव गेला होता. तो कारकून आता हयात नाही.

“आणि ठसा तुमचा आहे,” मी म्हटले. “पण त्याच्यावर मी फार भर देणार नाही. सगळ्यांचे नावाचे शिक्के गटप्रमुखाच्या पत्र्याच्या डबीत असायचे, असं तुम्हीच मागे सांगितलंत.”

मिआओबाईंनी दोन्ही कागद घडी घालून खिशात कोंबले. “कारकुनाचं मरू दे. त्याच्या हातात दिलं कुणी? मी स्वतःच्या तोंडानं स्वतःला ह्वाशाओ म्हणेन? चल. तूही चल, साक्षीला. नंतर ती म्हणेल मी असं बोललेच नव्हते.”

समोरच्या दारावर त्यांनी हाताच्या मुठीने मारले.

“कोण?” आतून आले.

“मी. दुसरं कोण तडफडतंय तुझ्याकडे यायला!”

“मला वाटलं, विचारून बघावं. तू नेहमी विचारतेस.”

थाओबाई दारात आल्या. उंच, किडकिडीत, डाव्या कानाने बहिऱ्या. मिआओबाईंना उजव्याने कमी ऐकू येते. गिरणीच्या यंत्रांनी दोघींना असे अर्धे अर्धे वाटून घेतले आहे. त्यामुळे त्यांचे खासगी बोलणेही खालच्या तीन मजल्यांना ऐकू जाते. खोलीत खोकी रचलेली होती, प्लास्टिकच्या दोरीने बांधलेली. मिआओबाई एका खोक्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्याच्यावर कागद आपटला.

“तू लिहिलंस.”

थाओबाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. बराच वेळ पाहिले. “मीच की. काय झोकदार अक्षर होतं गं माझं.”

“लाज नाही वाटत?”

“कशाची? तू बोललीस, मी लिहिलं. लिहिणारणीचं काम तेच.”

“मी बोलले?”

“नाही तर काय मी बोलले? पांगने ‘अभ्यास अपुरा’ बंद केला. सातवी लीन, तिनं ‘तापट’ घेतलं. तुझी पाळी आली तेव्हा तू सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होतीस. म्हणालीस, ‘लिही, कॉलर ह्वाशाओ आहे. त्यानं कुणाच्या बापाचं काय जातंय?’ सगळ्या हसल्या. पांगसुद्धा हसली, आणि ती तर स्वतःच्या लग्नातही हसली नव्हती.”

“मला नाही आठवत.”

“तुझ्या लेखी ती गंमत होती. गंमत कशाला आठवेल?”

“सोयीचं आहे हो! पांग मेली. लीन मेली. बाकीच्या एक तर गेल्या, नाही तर चळल्या. साक्षीला उरली कोण? तूच. आरोपीही तू, साक्षीदारही तू.” त्या माझ्याकडे वळल्या. “बोल ना गं. कागदात आहे का, की मी बोलले म्हणून?”

“नाही, मावशी. कुणी लिहिलं ते दिसतं. कुणी बोललं ते दिसत नाही.”

“बघ!”

थाओबाईंनी खोक्यावर टेकून एक पाय सैल केला. “पोरी, त्या बैठकीचं शेवटचं पान आणलंयस का? अकरावं नाव माझं.”

ते माझ्या पिशवीत होते. मी ते सकाळी दाखवले नव्हते, कारण अक्षराबद्दल माझी खात्री झाली नव्हती. जुळवून पाहायला मिआओबाईंच्या हातचा त्या काळचा एकच कागद मिळाला होता, हजेरीचा, आणि एका कागदावरून हस्ताक्षर ठरवू नये. मी पान मिआओबाईंच्या हाती दिले.

त्या वाचू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

“मोठ्यानं,” थाओबाई म्हणाल्या. “आणि या बाजूनं.”

“‘अकरावी: थाओ युनशू. गुण: अक्षर चांगलं, वेळेवर येते.’” त्यांचा आवाज बारीक झाला. “‘उणीव: गर्विष्ठ. दुसऱ्याची टीका ऐकून घेत नाही.’”

“कुणाचं अक्षर?”

मिआओबाईंनी पानाची घडी घातली. 

“मी तुला सांगितलं होतं, लिही, ‘आवाज मोठा आहे’. तू मान डोलावलीस, आणि हे लिहिलंस. पक्षात घ्यावं म्हणून दोनदा अर्ज केला मी. दोन्ही वेळा सेक्रेटरीनं हेच वाक्य वाचून दाखवलं. आधी गर्व उतरू दे, मग बघू. वाचून दाखवलं म्हणजे कागद समोर धरला होता. तुझी फाटे फुटलेली अक्षरं मी ओळखणार नाही?”

“मी असं का लिहीन?” हा प्रश्न मिआओबाईंनी थाओबाईंना विचारला नव्हता. मलाही नव्हता. मग त्या माझ्याकडे वळल्या. “डिझाइन खात्याच्या जागेची नोटीस. ती कधी लागली होती गं?”

नोटिशींची नोंदवही मी ऑक्टोबरातच पाहिली होती. तारीख मला ठाऊक होती, आणि विचारल्याशिवाय ती न सांगण्याचे मी ठरवले होते.

“अकरा डिसेंबरला, मावशी.”

“आणि ही बैठक एकोणीसला.”

“हो.”

त्यांनी बोटांवर मोजले, जणू अकरातून एकोणीसला जायला बोटे लागतात. मग खोक्यावर बसल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी त्यात असावीत, कारण आत काही तरी दबून वाजले.

“म्हणजे एका ओळीनं काय होतं, ते मला तेव्हाच कळत होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच मला वाटलं, तूही तेच केलं असणार.”

“माझी बशी असेल त्यात. ऊठ.”

“उठत नाही. पन्नास वर्षं गप्प का बसलीस? एकदा तरी विचारायचंस, शिव्या घालायच्यास, दारावर थुंकायचंस!”

“मी गर्विष्ठ आहे ना,” थाओबाई म्हणाल्या. “लिहूनच ठेवलंयस तू.”

मी इथे उठायला हवे होते. पण मिआओबाईंनी माझी बाही धरली. “बस. अजून झालं नाही.” मग थाओबाईंकडे वळून, “पुन्हा सांग. पहिल्यापासून. पांग कुठं बसली होती तिथपासून.”

“कशाला?”

“माझं ते मी लिहिलं, ते या कागदात आहे. तुझं ते तू सांगतेस म्हणून आहे. दोन्ही सारखं कसं धरू? पुन्हा सांग. शब्द इकडचा तिकडे झाला तर मला कळेल.”

थाओबाईंनी पुन्हा सांगितले. पांग पिंपावर बसली होती, लीन तिच्या डावीकडे. बिया कुणी आणल्या होत्या, यावर दोघींचे जुळले नाही. तिसऱ्यांदा सांगताना थाओबाईंनी मधे एक नवीन तपशील घातला, की मिआओबाईंनी बोलताना कॉलर बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवली होती. मिआओबाईंनी तिथेच अडवले. “हे मघाशी नव्हतं.” “मघाशी आठवलं नव्हतं.” “आठवलं नव्हतं की रचलं नव्हतं?” यातले काय खरे, ते मला ठरवता आलेले नाही. दोन्ही शक्यता मी सूचीच्या टिपेत नोंदवल्या आहेत.

मंगळवारी सकाळी मी मुद्दाम गेले. मिआओबाईंचे दार सताड उघडे होते आणि घरात कुणी नव्हते. त्या जिन्यात सापडल्या. मोठ्या बॅगा मुलीने पुढे नेल्या होत्या. थाओबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या, आणि त्यांची हातातली पिशवी मिआओबाईंच्या खांद्यावर होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मिआओबाई थांबल्या, पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, चेन उघडली आणि आत हात घालून चाचपू लागल्या.

“काय चाललंय?” थाओबाईंनी खालच्या पायरीवरून विचारले.

“माझं काही जात नाही ना, ते बघत्ये.”

“सापडलं का काही?”

“अजून बघत्ये,” मिआओबाई म्हणाल्या. गाडीने खाली दोनदा हॉर्न दिला, तरी त्यांनी हात बाहेर काढला नाही.